नळीपर्यंतची वाट

खानदेशात, सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीच्या डोंगरातल्या भिल्लाला तीरकामठा दुरुस्त करायला कुणाच्या दारी जावं लागत नसे. कामठी बांबूची, दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. तुटली तर रानातच दुसरी तयार होई. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. 1825 मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली आणि भिल्ल तरुणांच्या हाती सरकारी बंदूक आली. ती ठासणीची. नळीत दारू ओतायची, वरून गोळी सारायची, गजाने ठासायची. बार फुसका गेला तर दोष शोधायच्या जागाही मोजक्याच: दारू सर्दलेली, कान (ठिणगी आत जायचं छिद्र) तुंबलेला किंवा ठासणी कच्ची. गोळी आत घालणारा हात माणसाचा होता, त्यामुळे चुकलं कुठे हे त्या माणसाला बहुधा ठाऊक असे.

1857 मध्ये एन्फिल्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसाने उठाव कसा पेटवला ते सर्वांना माहीत आहे. त्याची धग सातपुड्यातही पोचली. बंडात उतरलेले भिल्ल पुढारी खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्या लोकांची कंपनीच्या फौजेशी 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीला गाठ पडली. पुढे 1878 च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना बंदूक बाळगणं बंद झालं. युरोपियनांना मात्र सूट होती.

याच कायद्याला वळसा घालून 1909 मध्ये वीस ब्राऊनिंग पिस्तुलं लंडनहून मुंबईला आली. सावरकरांनी ती इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली होती. 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेला कलेक्टर जॅक्सन यांतल्याच एका पिस्तुलातून अनंत कान्हेरेने झाडलेल्या गोळ्यांनी मारला गेला. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे, देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुलं किती आली आणि कुणी आणली याचा हिशेब इतिहासकारांनी बारकाईने मांडला आहे. ती चालवायला कशी होती, याकडे मात्र फारसं कुणी वळलं नाही.

वास्तविक हे यंत्र त्या काळी नवं आणि लहरीही. गोळी सुटली की धक्क्याने वरची सरक मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते, स्प्रिंगच्या जोरावर पुढे येते आणि येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलते. गोळीचं टोक एका छोट्या उतारावरून चढून नळीच्या कोठीत शिरतं. डोळ्याचं पातं लवण्याआधी हे सगळं उरकायचं असतं. काडतुसातली दारू दमट झाली की सरक पुरती मागे जात नाही. मनगट सैल धरलं तरी तेच. मॅगझिनची स्प्रिंग थकली तर काडतूस वेळेवर वर येत नाही. मॅगझिनच्या ओठांना जरा पोचा आला, तर काडतूस वाकडं होऊन उतारावर नाक घासत अडकतं. ब्राऊनिंगच्या सुरुवातीच्या पिस्तुलांसाठी बनलेल्या 7.65 मिमी काडतुसात आणखी एक खोड आहे. त्याची बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की दोन्ही एकमेकांत गुंततात. मग सरक कितीही ओढा, उपयोग नाही. मॅगझिन काढून काडतुसं नव्याने भरावी लागतात. जाणता माणूस म्हणूनच आधी मॅगझिन बदलून पाहतो. बिघाड मॅगझिनबरोबर गेला तर पिस्तूल निर्दोष. ज्याच्याजवळ एकच मॅगझिन, त्याला ही परीक्षाही करता येत नाही.

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून चालू होता, पण तो सरकारचा. स्वातंत्र्यलढ्यातल्या भूमिगतांना जे मिळेल त्यावर भागवावं लागे, आणि प्रत्येक हत्यार आपल्याच मापाचं काडतूस मागतं. त्यासाठी पैसाही हवा. 14 एप्रिल 1944 रोजी भूमिगत चळवळीतले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि खानदेशातल्या साथीदारांनी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला. सुमारे साडेपाच लाख रुपये हाती आले.  

गंमत अशी, की स्वतंत्र भारताच्या फौजेच्या आणि पोलिसांच्या कमरेलाही ब्राऊनिंगच आलं. इशापूरच्या रायफल कारखान्यातलं 9 मिमी पिस्तूल हे 1935 च्या ब्राऊनिंग हाय-पॉवरचं भावंड, मॅगझिनमध्ये 13 काडतुसं. जॉन ब्राऊनिंग 1926 मध्ये वारला. अपुरं राहिलेलं काम बेल्जियमच्या द्यूदोने सेव्ह याने पुरं केलं. जुन्या हाय-पॉवरमध्ये काडतूस नळीत नेणाऱ्या त्या उतारावर एक उंचवटा असे. गोल टोकाची, पूर्ण धातूच्या कवचाची लष्करी गोळी त्यावरून सहज सरके, पण पोकळ टोकाची गोळी आणली की नाक अडके. पुढे बेल्जियमच्या कारखान्याने तो उतार सरळ केला.