रशियन कोशिंबिरीची खरी गोष्ट

आपल्या सोसायटीच्या २६ जानेवारीच्या स्नेहभोजनात एक पातेलं दरवर्षी आमच्या घरून येतं. बच्चेकंपनी त्याला ‘काकांची रशियन कोशिंबीर’ म्हणते. तिचं खरं नाव विनिग्रेत. ती वाढताना मी एक गोष्टही सांगतो, आणि आता ती आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ झाली आहे. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा म्हटलं, हीच गोष्ट लिहून देऊ. त्यासाठी चार पुस्तकं चाळली आणि लक्षात आलं की इतकी वर्षं मी तुम्हाला चुकीचा इतिहास सांगतोय! म्हणून या लेखात थोडी माहिती आहे आणि थोडी माफी.

आधी पदार्थ. उकडलेलं बीट, बटाटा आणि गाजर, खारवलेली काकडी, मिठात आंबवलेली कोबी आणि कांदा. सगळं बारीक चौकोनी चिरायचं आणि वरून सूर्यफुलाचं तेल. कुणी वाटाणे किंवा उकडलेला राजमा घालतं, कुणी खारवलेला हेरिंग मासा. १९७८ साली मी शिकायला लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला गेलो, तेव्हा माझ्यासारख्या शाकाहारी माणसाला हॉस्टेलच्या कँटीनमध्ये याच पदार्थाने तारलं.

माझी गोष्ट अशी होती. झार पहिल्या अलेक्झांडरच्या मुदपाकखान्यात आंतवान कारेम हा नामांकित फ्रेंच आचारी आला. रशियन आचारी बिटाच्या कोशिंबिरीवर काहीतरी ओतत होते. त्याने विचारलं, “विनेग्र?” म्हणजे, व्हिनेगर का? आचाऱ्यांना वाटलं, साहेब पदार्थाचं नाव सांगतायत. झालं, नाव पडलं!

गोष्ट झकास आहे, पण टिकत नाही. कारेमने झारसाठी रांधलं ते पॅरिसमध्ये, नेपोलियनच्या पाडावानंतर झार तिथे आला होता तेव्हा. सेंट पीटर्सबर्गला तो १८१९ साली गेला खरा, पण मुक्काम इतका थोडा की तिथे झारसाठी त्याने एकही जेवण रांधलं नाही, असं सांगतात. नाव मात्र फ्रेंचच. व्हिनेगर आणि तेल फेटून केलेल्या सॅलडवरच्या द्रवाला फ्रेंचमध्ये ‘विनेग्रेत’ म्हणतात. तेव्हा रशियन उमरावांच्या घरी फ्रेंच भाषा आणि फ्रेंच आचारी दोन्हींचा बोलबाला होता. त्या वाटेने शब्द आला आणि द्रवाचं नाव पदार्थाला चिकटलं. त्यासाठी कुणाचा गैरसमज व्हायची गरज नाही.

मग पदार्थ तरी अस्सल रशियन का? बीट, बटाटा आणि हेरिंगची अशीच कोशिंबीर स्वीडन-नॉर्वेत होते. फिनलंडमध्ये तिला ‘रोसोल्ली’ म्हणतात, एस्टोनियात ‘रोसोल्ये’. थंडीत जमीन गोठली की तळघरात जे टिकतं, तेच सगळ्यांच्या ताटात. बीट रशियात फार जुनं, पण बटाटा अठराव्या शतकातला पाहुणा. सरकारने सक्तीने लावायला सांगितला म्हणून १८४०च्या दशकात शेतकऱ्यांनी दंगे केले होते. सूर्यफूल तर मूळ अमेरिकेचं. त्याचं तेल काढण्याची युक्ती १८२९च्या सुमारास अलेक्सेयेव्का गावच्या दानिईल बोकारेव्हने रूढ केली, असं मानतात.

श्रीमंतांच्या विनिग्रेतमध्ये पूर्वी गार मांस किंवा मासेही पडत. पण ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा ईस्टरपूर्वीचा सुमारे सात आठवड्यांचा मोठा उपास असतो. त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य. तिथे तेलातली ही कोशिंबीर चपखल बसली. पुढे सोव्हिएत काळात ती कँटीन-कँटीनमध्ये पोचली. रशियनमध्ये कसल्याही सरमिसळीला आजही ‘विनिग्रेत’ म्हणतात.

आमच्या कँटीनमध्ये एक वयस्कर बाई वाढायला असत. आम्ही त्यांना ‘त्योत्या’, म्हणजे मावशी म्हणायचो. कारेमची गोष्ट एका मित्राकडून ऐकून मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “राजाच्या घरचं मला ठाऊक नाही बाळा. ताटात बीट टाकलंस, ते आधी संपव.”

नंतर कळलं, लेनिनग्राडच्या वेढ्यात त्या शाळकरी मुलगी होत्या. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, एकूण ८७२ दिवस. पहिल्या हिवाळ्यात एका मुलाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, तोही भेसळीचा. पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी बागा खणून भाज्या लावल्या. सेंट आयझॅक कॅथेड्रलसमोरच्या चौकात कोबीचे वाफे होते. मावशी एवढंच सांगत, की त्यांच्या आईने बिटाचं साल कधी फेकलं नाही.

राजाच्या आचाऱ्याची गोष्ट मी पन्नास वेळा सांगितली असेन. मावशींची आज पहिल्यांदा लिहितोय, याची मला लाज वाटते. ती खरी होती आणि मी समोर बसून ऐकली होती. पण तिच्यावर कुणी हसत नाही, म्हणून ती मागे पडली.

तेव्हा मंडळी, कारेमची गोष्ट पुढे कुणाला सांगितली असेल तर कृपया दुरुस्त करा. येत्या २६ जानेवारीला पातेलं येईलच. आणि हो, घरी करणार असाल तर मावशींची युक्ती लक्षात ठेवा : चिरलेल्या बिटाला आधी तेल चोळा, मग बाकीच्या भाज्या घाला. बटाटा पांढरा राहतो, गाजर केशरी.