कागद, खोका आणि जंगल

परवा महाद्वार रोडवरून चप्पल घेतली. घरी आल्यावर धाकटीने विचारले, "अब्बा, हा खोका कशाचा?" मी म्हणालो, "कागदाचा." "आणि कागद कशाचा?" मला पटकन उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

'कागद' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. ही कला चीनमधून समरकंदला, तिथून बगदादला आणि पुढे हिंदुस्थानात पोचली. आपल्या मुलखात दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि जुन्नर ही तिची नावाजलेली ठिकाणे. जुन्नरी आणि दौलताबादी कागद मराठ्यांच्या दफ्तरांत गेला. कागद करणारे कागदी बहुतेक मुसलमान होते. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा आजही त्यांचे नाव सांगतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांचा कच्चा माल जंगलातला नव्हता. चिंध्या, जुनी गोणपाटे, दोरखंड भिजवून, कुटून लगदा करायचा. म्हणजे टाकाऊतून टिकाऊ. कोल्हापूरच्या पुरालेखागारातली मोडी कागदपत्रे पाहा, म्हणजे टिकाऊ शब्दाचा अर्थ कळेल.

मग गिरण्या आल्या. त्यांना चिंध्या पुरेनात. एकोणिसाव्या शतकात लाकडाचा लगदा निघाला आणि जंगल हाच कच्चा माल झाला. आपल्याकडे तो भार बांबूवर पडला.

बेळगावच्या पलीकडे, काळी नदीकाठी दांडेली आहे. 1955 साली तिथे वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली. सरकारने तिला जंगलातला बांबू टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने दिला. टोपल्या, सुपे विणणाऱ्या बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे, तोही मिळाला तर. बुरुडांनी तक्रार केली, तेव्हा 1975 च्या सुमारास माधव गाडगीळांनी अभ्यास हाती घेतला. बांबूच्या बेटाभोवतीचे काटे साफ केले की नवे कोंब गुराढोरांच्या तोंडी जातात आणि बेट मरते, हे त्यांना आढळले. गावकऱ्यांना ते आधीपासून माहीत होते. त्यांना कुणी विचारले नव्हते, एवढेच.

दांडेलीच्या जंगलाचा ऱ्हास झाला तो या हिशेबामुळे. दीड रुपयात मिळणारी वस्तू कुणी जपून वापरत नाही. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो स्वतः उभा करावा, नैसर्गिक जंगलावर डोळा ठेवू नये, असे सांगितले. तोवर बरेच उशीर झाला होता.

हीच गोष्ट पुढे इंडोनेशियात घडली. 2011 मध्ये ग्रीनपीसने बार्बी बाहुलीच्या खोक्यांत तिथल्या नैसर्गिक जंगलाचा लगदा असल्याचे दाखवले. त्याच वर्षी मॅटेल कंपनीला खरेदीचे धोरण बदलावे लागले. 2013 मध्ये एशिया पल्प अँड पेपर या बड्या कंपनीने नैसर्गिक जंगलाची तोड थांबवल्याचे जाहीर केले. कंपनीला जाग आली ती गिऱ्हाइकाने विचारल्यावर.

आपल्या जिल्ह्यात दाजीपूरचे अभयारण्य 1958 पासून आहे आणि राधानगरीचे जंगल 2012 पासून जागतिक वारशात आहे. त्याचा आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण आपले जंगल जपायचे आणि दुसऱ्याच्या जंगलाचा खोका घरी आणायचा, हा न्याय नव्हे.

सगळेच खोके जंगलातून येतात असे नाही. आपल्याकडचा पुष्कळसा तपकिरी पुठ्ठा रद्दीपासूनच बनतो. एका अर्थाने ती कागद्यांचीच रीत आहे. म्हणून मागणी मोठी नाही. मिठाईवाला, चप्पलवाला, ऑनलाइन माल पाठवणारी कंपनी, ज्याचा खोका त्याने एवढे सांगावे: हा पुठ्ठा रद्दीचा, लागवडीचा की जुन्या जंगलाचा?

धाकटीला मी आता सांगितले आहे, पुढच्या वेळी हा प्रश्न दुकानातच विचारायचा.