हातोहाती गेलेल्या आठवणी : येवगेनिया गिंझबर्ग यांचे आत्मकथन व त्याचे अनोळखी वाचक

आत्मचरित्राकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहताना आपले लक्ष बहुधा लेखकावर खिळलेले असते. लेखकाची स्मृती कितपत विश्वसनीय आहे, घटनेनंतर किती वर्षांनी लेखन झाले, लेखकाचा हेतू काय होता, हे प्रश्न आपण विचारतो आणि ते योग्यच आहेत. तो ग्रंथ वाचकांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला आणि वाचकांनी त्याचे काय केले, हा प्रश्न मात्र वाङ्मयसमीक्षेकडे सोपवून इतिहासाचा अभ्यासक मोकळा होतो. काही ग्रंथांच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही. येवगेनिया गिंझबर्ग यांचे ‘क्रुतोय मारश्रूत’, म्हणजे ‘खडतर चढणीचा मार्ग’, हे आत्मकथन अशांपैकी होय. सोव्हिएत संघात ते वीसहून अधिक वर्षे छापले गेले नाही, तरीही वाचले गेले. ज्यांनी ते वाचले त्यांच्या प्रतिक्रियांनी त्याच्या उत्तरार्धाचे स्वरूप बदलले, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

गिंझबर्ग यांचा जन्म १९०४ सालचा. कझान येथे त्या अध्यापन व पत्रकारिता करीत. पक्षाच्या निष्ठावंत सभासद होत्या. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांना अटक झाली. एका सहकारी प्राध्यापकाला ‘ट्रॉट्स्कीवादी’ ठरविण्यात आले होते आणि त्याचा वेळीच निषेध केला नाही, हा त्यांचा मूळ अपराध. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लष्करी न्यायमंडळापुढे अवघ्या काही मिनिटांत खटला उरकून त्यांना दहा वर्षांची शिक्षा देण्यात आली. यारोस्लाव्हलच्या तुरुंगात दोन वर्षे, त्यानंतर कोलिमाच्या श्रमछावण्या, १९४७ मध्ये सुटका, १९४९ मध्ये पुन्हा अटक व मगदान येथे हद्दपारी, आणि अखेर १९५५ मध्ये निर्दोष म्हणून मान्यता, असा हा अठरा वर्षांचा प्रवास आहे. थोरला मुलगा लेनिनग्राडच्या वेढ्यात दगावला. धाकटा, पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आलेला वासिली अक्स्योनोव्ह, बारा वर्षांनंतर मगदानमध्ये आईला भेटला.

ह्या आत्मकथनातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. १९३९ साली यारोस्लाव्हलहून व्लादिवोस्तोककडे कैदी स्त्रियांना मालगाडीच्या डब्यांतून नेण्यात येत होते. गिंझबर्ग यांच्या डब्यात शहात्तर स्त्रिया कोंबलेल्या होत्या आणि डब्यावर ‘विशेष सामग्री’ अशी अक्षरे होती. वेळ जावा म्हणून त्या मुखोद्गत असलेली काव्ये सहप्रवासिनींना म्हणून दाखवीत. बाहेर पहारेकऱ्यांना वाटले की आत कोणी चोरून पुस्तक वाचीत आहे. झडती झाली, पुस्तक सापडेना. तेव्हा पुस्तक नाही हे सिद्ध करण्यासाठी त्यांना पहारेकऱ्यांसमोर पुश्किनचे ‘येवगेनी ओनेगिन’ न थांबता म्हणावे लागले. छापील कागदावाचून ग्रंथ एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे लेखिकेला ठाऊक होते ते असे. पुढे त्यांच्या स्वतःच्या ग्रंथावर तीच पाळी यावी, ह्याला योगायोग म्हणावे लागेल.

प्रत्यक्ष लेखन १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. प्रारंभी हे लेखन आपल्या नातवासाठी आहे, अशी त्यांची कल्पना होती. १९८० च्या सुमारास तो वीस वर्षांचा होईल, तोवर हा काळ दूर गेलेला असेल आणि ह्या गोष्टी सांगता येतील, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे कल्पिलेला वाचक एकच, आणि तो रक्ताच्या नात्यातला. तथापि विसाव्या व बाविसाव्या पक्ष-अधिवेशनांनंतर वातावरण निवळल्यासारखे वाटले. नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘नोव्ही मीर’ ह्या मासिकाने सोल्झेनित्सिन यांची श्रमछावणीवरील दीर्घकथा छापली, तेव्हा आशा आणखी वाढली. गिंझबर्ग यांनी आपले टंकलिखित ‘युनोस्त’ व ‘नोव्ही मीर’ ह्या दोन्ही मासिकांकडे पाठविले. दोघांनीही ते छापले नाही. ‘युनोस्त’ने ते मार्क्सवाद-लेनिनवाद संस्थेच्या दप्तरात पाठविले, पक्षाच्या इतिहासाचे साधन म्हणून त्याचा उपयोग व्हावा, असे कारण देण्यात आले. साधन म्हणून ग्राह्य, वाचन म्हणून अग्राह्य, अशी ही सरकारी विभागणी होती. आपणही साधनांचा विचार करताना नकळत अशीच विभागणी करतो, एवढे जाता जाता नमूद करणे अनुचित ठरू नये.

दप्तरात बंद झालेल्या ह्या टंकलिखिताच्या प्रती मात्र तोवर बाहेर पडल्या होत्या. ‘समिझदात’, म्हणजे ‘स्वयंप्रकाशन’, ह्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धती साधी होती. पातळ कागद, मध्ये कार्बन, आणि टाइपरायटरवर जोराने ठोकलेली अक्षरे. एका वेळी चार-पाच प्रती वाचता येण्याजोग्या निघत. शेवटची प्रत वाट्याला येई त्याला अक्षरे लावीत वाचावे लागे. प्रत एका रात्रीसाठी वा दोन दिवसांसाठी मिळे आणि ज्याला ती फार मोलाची वाटे तो परत करण्यापूर्वी स्वतः नव्या प्रती टंकित करी. येथे वाचकच लेखनिक होता आणि तोच प्रकाशक होता. एखादा ग्रंथ किती पसरावा हे कोणा संपादकाच्या नव्हे, तर टंकन करणाऱ्याच्या बोटांच्या श्रमावर ठरे. त्यामुळे प्रत्येक नवी प्रत ही स्वतःच एक अभिप्राय होती, असे मानण्यास हरकत नाही. पाठभेद, गाळलेल्या ओळी, चुकलेली नावे हे सर्व त्यात आलेच. जुन्या हस्तलिखित पोथ्यांवर काम केलेल्या आपल्याकडील अभ्यासकांना ही परिस्थिती नवखी वाटणार नाही.

ह्या साखळीत देणारा व घेणारा एकमेकांस ओळखत. त्यापलीकडचे दुवे मात्र अनोळखी असत, आणि तसे ते असण्यातच सुरक्षितता होती. सप्टेंबर १९६५ मध्ये सिन्याव्स्की व दानिएल ह्या लेखकांना अटक झाली आणि पुढील फेब्रुवारीत त्यांना अनुक्रमे सात व पाच वर्षांची शिक्षा झाली. १९६६ मध्येच सोव्हिएत व्यवस्थेची बदनामी करणारे साहित्य पसरविण्याविरुद्ध फौजदारी संहितेत नवे कलम आले. एप्रिल १९६८ पासून गुप्तपणे निघू लागलेल्या ‘चालू घटनांचा वृत्तांत’ ह्या टंकलिखित पत्राने आपल्या वाचकांना दिलेली सूचना ह्या संदर्भात लक्षणीय आहे. माहिती द्यावयाची असेल तर ज्याच्याकडून अंक मिळाला त्याला ती सांगावी. तो आपल्याला अंक देणाऱ्याला सांगेल, आणि अशा रीतीने ती मूळ ठिकाणी पोहोचेल. मात्र साखळीचा माग स्वतः काढीत जाऊ नये, अन्यथा लोक तुम्हाला खबऱ्या समजतील. ग्रंथ ज्या वाटेने खाली येई त्याच वाटेने प्रतिसाद वर जाई. अनोळखी माणसांमधील विश्वासाची ही व्यवस्था कोणत्याही लिखित नियमावलीवाचून चालली.

गिंझबर्ग यांच्यापर्यंत असे प्रतिसाद मोठ्या प्रमाणावर पोहोचले. एरेनबुर्ग, पाउस्तोव्स्की, कावेरिन, चुकोव्स्की ह्यांसारख्या मान्यवर साहित्यिकांचे अभिप्राय त्यांना मिळाले, तशीच कधीही न भेटलेल्या सामान्य वाचकांची पत्रेही आली. उत्तरार्धाच्या उपसंहारात त्यांनी ह्याविषयी लिहिले आहे आणि तेथेच त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. पूर्वार्ध लिहिताना छापले जाण्याची आशा होती, म्हणून त्यांच्या मनातला ‘आतला संपादक’ सतत कात्री चालवीत होता. छपाईची आशा मावळली आणि वाचक मात्र लाभले, तेव्हा हा संपादक आपोआप निवृत्त झाला. मधल्या काळात एक अधिक निर्भीड मसुदा अटकेच्या धास्तीने त्यांनी जाळूनही टाकला होता. तरी पुन्हा लिहिण्यास त्या बसल्या. दोन्ही भाग शेजारी ठेवून वाचले असता फरक स्पष्ट दिसतो. पूर्वार्धाच्या प्रास्ताविकात पक्षाने सत्याचा मार्ग पुन्हा धरला असा विश्वास आहे. उत्तरार्धात तो नाही; त्याऐवजी स्वतःच्या निष्ठेची, स्वतः बाळगलेल्या मौनाची झाडाझडती आहे. माझ्या मते हा बदल केवळ वयाचा किंवा निराशेचा परिणाम नव्हे. नातवासाठी लिहिणारी आजी आणि जोखीम पत्करून वाचणाऱ्या अनोळखी प्रौढांसाठी लिहिणारी साक्षीदार ह्या दोन निरनिराळ्या भूमिका आहेत.

ह्या मुक्त संचाराची किंमतही होती. १९६७ मध्ये मिलान येथे मोंदादोरी ह्या प्रकाशनसंस्थेने पूर्वार्ध प्रसिद्ध केला आणि लवकरच इतर युरोपीय भाषांत तो गेला. लेखिकेची संमती कोणी घेतली नव्हती. परदेशी प्रकाशनाचा ठपका मात्र त्यांच्यावर येऊ शकत होता. हातोहाती गेलेल्या ग्रंथावर लेखकाचा हक्क किती उरतो, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. गिंझबर्ग १९७७ मध्ये वारल्या. उत्तरार्ध १९७९ मध्ये, पुन्हा मिलान येथेच, छापला गेला. त्याच वर्षांत मुंबई-पुण्याच्या दुकानांतून व फिरत्या प्रदर्शनांतून मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके नाममात्र किमतीत मिळत होती आणि आपल्या पिढीतील अनेकांचे वाचन त्यांवर पोसले गेले. सोव्हिएत वाङ्मय म्हणून आपण जे वाचीत होतो त्याच्या शेजारीच हे दुसरे वाङ्मय कार्बनच्या प्रतींतून फिरत होते, ह्याची आपल्याकडे तेव्हा फारशी चर्चा झाली नाही.

प्रतिसाद सगळेच अनुकूल होते असे मात्र नाही. ‘नोव्ही मीर’चे संपादक अलेक्सांद्र त्वार्दोव्स्की यांच्या नकाराचे जे कारण गिंझबर्ग यांच्या कानावर आले ते त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे. आक्षेपाचा आशय असा : साम्यवादी मंडळींना तुरुंगात टाकू लागले तेव्हा ह्या बाईंना काहीतरी बिघडल्याचे जाणवले, त्याआधी शेतकऱ्यांचा उच्छेद चालला होता, तेव्हा त्यांना ते स्वाभाविक वाटले. हा आक्षेप डावलता येण्यासारखा नाही. १९३० च्या सुमारास घरादारांतून उखडून उरल व सायबेरियाकडे धाडलेल्या कुटुंबांतील फार थोड्यांनी आठवणी लिहिल्या. त्यांच्याकडे टाइपरायटर नव्हते आणि मॉस्को-लेनिनग्राडच्या सुशिक्षित मित्रमंडळांत त्यांची ऊठबस नव्हती. अनोळखी वाचकांची साखळी कितीही लांब असली तरी ती एका विशिष्ट वर्गातूनच फिरत होती, आणि तिच्या आधारे त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याने ही मर्यादा प्रथम मांडली पाहिजे.

आक्षेप घेणाऱ्यालाही त्यात स्वतःचे काही फेडावयाचे होते. त्वार्दोव्स्की यांचे स्वतःचे शेतकरी कुटुंब १९३१ मध्ये उरलकडे हद्दपार झाले होते आणि तरुण कवीने तेव्हा त्यांच्यापासून अंतर राखले होते. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी ह्याविषयी ‘स्मृतीच्या अधिकाराने’ हे दीर्घकाव्य लिहिले. ते छापण्यास नकार मिळाला. १९७१ मध्ये ते वारले तेव्हा ते काव्य टंकलिखित प्रतींतूनच वाचले जात होते. सोव्हिएत मासिकांत ते १९८७ मध्ये आले. गिंझबर्ग यांच्या आत्मकथनाचे क्रमशः प्रकाशन रीगा येथील ‘दाउगावा’ मासिकातून १९८८ मध्ये सुरू झाले.