बीटी वांगे आणि सहा अकादमींचा अहवाल

शेंडा व फळ पोखरणारी अळी वांग्याच्या पिकाचे मोठे नुकसान करते. तिला रोखण्यासाठी जालन्याच्या महिको कंपनीने मातीतील एका जिवाणूचे जनुक घालून बीटी वांगे विकसित केले. ते खाण्यास सुरक्षित आहे का, हा वाद पुढे देशभर गाजला. परंतु त्याआधीच एक वेगळा प्रश्न उभा राहिला होता. सुरक्षिततेच्या चाचण्यांची आकडेवारी पाहण्याचा अधिकार कोणाला?

ही आकडेवारी खुद्द कंपनीने सादर केली होती आणि ती गोपनीय ठेवली गेली होती. माहिती अधिकाराखालील अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश, एवढ्या प्रवासानंतर २००८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. मग देशविदेशांतील शास्त्रज्ञांनी ती तपासली आणि आपले आक्षेप जाहीरपणे मांडले.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने या वाणाला संमती दिली. मात्र तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. त्यानंतर देशातील सहा अग्रगण्य अकादमींकडून जनुकपरिवर्तित पिकांविषयी अहवाल मागवण्यात आला.

सप्टेंबर २०१० मध्ये आलेल्या या अहवालाने बीटी वांग्याच्या मर्यादित लागवडीची शिफारस केली. त्यात संदर्भ दिलेले नव्हते. थोड्याच दिवसांत उघड झाले की, त्यातील काही मजकूर एका नियतकालिकातील लेखातून जवळजवळ जसाच्या तसा घेतलेला होता. त्या लेखाचे कर्ते स्वतः बीटी वांग्याचे दुसरे वाण विकसित करणारे शास्त्रज्ञ होते. रमेश यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. डिसेंबरमध्ये सुधारित अहवाल आला. मुख्य शिफारस मात्र कायम राहिली.

ती शिफारस योग्यही असू शकेल. ज्याने एखाद्या विषयात आयुष्य वेचले, त्याला त्यातले अधिक कळते आणि अनेकदा त्याचे हितसंबंधही तेथेच गुंतलेले असतात. असे हितसंबंध असणे हा गुन्हा नव्हे. परंतु सहा अकादमींच्या नावाने आलेले मत मुळात कोणाचे होते, हे अहवाल वाचणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती. बीटी वांग्याच्या बाजूने वा विरोधात असलेल्या प्रत्येकाचेच त्यात नुकसान झाले.