परळ ते पैनगंगा

श्रावणी अमावास्येला पोळ्याचा सण येतो, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील बेला, जैनद, बोथ या भागांतील गावांत बैलांच्या शिंगांना रंग चढतो, पाठीवर झुली पडतात आणि वेशीवरील तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात. काळ्या मातीच्या या कापूस-ज्वारीच्या मुलखात मराठी, तेलुगू, गोंड, कोलाम, बंजारा असे अनेक समाज शेजारी शेजारी नांदतात. त्यांची भाषा निराळी, दैवते निराळी. परंतु बैल मात्र सर्वांच्याच घरचा कमावता. सण सरतो. पुढे एखाद्या पावसाळी रात्री त्याच बैलाला घटसर्प होतो, घसा सुजतो, श्वास घरघरू लागतो. त्या वेळी पूजेचे तोरण कामास येत नाही. तेथे वैद्यच लागतो. हा वैद्य कोठे घडतो आणि पैनगंगेकाठच्या मुलाला त्या विद्येचे दार कितपत उघडे आहे, याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

पशुवैद्यकाची पहिली आधुनिक शाळा 1761 साली फ्रान्समधील लिआँ या नगरात क्लोद बूर्झला याने स्थापन केली. त्या शतकात बुळकांडीच्या साथींनी युरोपातील गोठेच्या गोठे ओस पडत होते. ही शाळा त्या संकटाचे अपत्य होय. लंडनमध्ये अशी शाळा 1791 साली निघाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच बुळकांडी आफ्रिकेत शिरली, तेव्हा गुरांमागोमाग माणसेही उपासमारीने मेली. गुरांचा रोग हा गुरांपुरता राहत नाही, हा धडा जगाने असा फार मोठी किंमत देऊन घेतला.

हिंदुस्थानात मात्र या विद्येचा आरंभ शेतकऱ्याच्या बैलापासून झाला नाही; तो झाला लष्कराच्या घोड्यापासून. पलटणीला घोडे हवेत, घोड्यांना वैद्य हवेत, एवढाच सरकारचा पहिला हिशेब होता. तथापि गुरांच्या साथी इतक्या वाढल्या की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने 1871 साली आपला अहवाल दिला. त्यानंतर 1882 साली लाहोरला पशुवैद्यक विद्यालय निघाले. रोगांच्या संशोधनासाठी 1889 साली पुण्यात प्रयोगशाळा उघडण्यात आली. परंतु दाट वस्तीत सांसर्गिक रोगांचे प्रयोग करणे धोक्याचे, म्हणून ती 1893 साली हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली.

मुंबईत या कार्याला दानशूरतेची जोड मिळाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यातून परळ येथे बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्याच आश्रयाने 2 ऑगस्ट 1886 रोजी मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असे, आणि तो पुरा करणाऱ्याच्या नावापुढे ‘जी.बी.व्ही.सी.’ ही अक्षरे लागत. एका शहरातील रुग्णालयात ट्रामचे घोडे, गाड्यांचे बैल आणि श्रीमंतांची कुत्री तपासून हे विद्यार्थी शिकत, आणि मग त्यांतील काहींची नेमणूक दूरच्या तालुक्यांच्या गावी होई. शिक्षण शहरात आणि रोगी खेड्यात, ही विसंगती या विद्येच्या पाळण्यातच होती.

या विद्येने केवढे कार्य केले, हे सांगण्यास बुळकांडीचे एकच उदाहरण पुरेसे आहे. मुक्तेश्वर येथे 1920 नंतरच्या दशकात एडवर्ड्स यांनी शेळीच्या शरीरात वाढविलेल्या विषाणूपासून लस तयार केली. स्वतंत्र भारताने 1954 साली बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. लस टोचणारी माणसे गावोगाव, पाड्यापाड्यांवर फिरली. त्यांनी नद्या ओलांडल्या, जंगले तुडविली. भारतातील बुळकांडीचा अखेरचा उद्रेक 1995 सालचा. आणि 2011 साली हा रोग साऱ्या जगातून नाहीसा झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने संपूर्ण हटविलेला हा दुसरा रोग. ही लस प्रयोगशाळेत जन्मली हे खरे. पण विजय मिळाला तो दावणीशी.

आता आदिलाबादकडे वळू. हा जिल्हा 1905 साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात निर्माण झाला. उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस गोदावरी आणि मध्ये डोंगर-जंगलांचा प्रदेश. हैदराबादेत पशुवैद्यकाचे महाविद्यालय 1946 साली निघाले. ते आदिलाबादपासून सुमारे 300 किलोमीटरवर. पुढे 1956 साली राज्यपुनर्रचना झाली. किनवट व राजुरा हे मराठी भाग या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि 2014 साली तेलंगणात आला. 2016 साली त्याचेही चार जिल्हे झाले. नदी जागच्या जागी राहिली, बैलबाजार, सोयरिकी आणि बोली तिच्या दोन्ही काठांवर तशाच राहिल्या; परंतु सरहद्द मात्र बदलली.

या सरहद्दीचा अर्थ शिक्षणाच्या दारात कळतो. महाराष्ट्रात ही विद्या परळमधून हळूहळू आत सरकली. 1958 साली नागपूरला, 1972 साली परभणीला, 1987 साली उदगीरला आणि 1988 साली शिरवळला महाविद्यालये निघाली. 2000 साली नागपुरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. मराठवाडा व विदर्भातील शेतकऱ्याच्या मुलाला ती आवाक्यातली झाली. तेलंगणातही राजेंद्रनगरच्या पलीकडे कोरुटला आणि वरंगळजवळील मामनूर येथे महाविद्यालये आली. त्यांतील कोरुटला तर गोदावरीच्या पलीकडे, जुन्या आदिलाबादच्या शेजारीच आहे. ग्रामीण भागात निघालेल्या अशा नव्या महाविद्यालयांचे महत्त्व इमारतींत नाही. त्यांच्या दवाखान्यात येणारा रोगी हा खेड्यातला रोगी असतो, यात आहे.

तरीही अर्ज भरावयास बसलेल्या मुलाची अडचण संपत नाही. पैनगंगेच्या उत्तरेस यवतमाळ जिल्ह्यातील मुलगा महाराष्ट्राचा रहिवासी म्हणून नागपूर वा परभणीच्या राज्य कोट्यातील जागांसाठी अर्ज करू शकतो. दक्षिणेकडील बेल्याचा मुलगा तीच मराठी बोलतो, त्याच्या घरीही तसेच बैल आहेत, आदिलाबादहून नागपूर सुमारे 200 किलोमीटर म्हणजे हैदराबादपेक्षा जवळ आहे. पण त्या जागा त्याच्यासाठी नाहीत. अखिल भारतीय कोट्यातील 15 टक्के जागांची स्पर्धा तेवढी त्याला खुली. स्वतःच्या राज्यात त्याची गाठ शहरांतील शिकवणीवर्गांत तयार झालेल्या मुलांशी. शाळेत तो मराठीतून वा तेलुगूतून शिकलेला; महाविद्यालयातील ग्रंथ इंग्रजीतले. साडेपाच वर्षांचा अभ्यास, त्यात अखेरचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. तोपर्यंत घरच्या शेतातील एक हात कमी होणार, हा हिशेब बापाच्या मनात असतोच.

या प्रश्नाचे एक उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात सापडते. 1940 साली कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखालील गोंडांचा उठाव बंदुकीने दडपल्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फ्यूरर-हाइमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडून गोंडांच्या स्थितीची पाहणी करविली. त्यांच्या प्रेरणेने 1943 साली मारलवाई या खेड्यात शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेची पुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. शिक्षक बाहेरून आणण्यापेक्षा गोंड तरुणांनाच शिकवून त्यांच्याच लोकांत पाठवावे, हे त्या योजनेचे सूत्र होते. ज्याला वस्तीची वाट, बोली आणि रीत ठाऊक आहे, त्याला तेथे राहणे शिक्षा वाटत नाही.

शिक्षकाच्या बाबतीत जे खरे, ते पशुवैद्याच्या बाबतीत अधिकच खरे आहे. आज 1962 या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरता दवाखाना येतो, ही मोठीच सोय होय. परंतु फऱ्या की फाशी, हे ओळखण्यासाठी गुराख्याचे म्हणणे समजावे लागते. आणि फाशीने मेलेले जनावर फाडू नये, खोल पुरावे, हे पटवून देण्यासाठी त्याचा विश्वास लागतो. फाशी माणसालाही होते. तेथे शब्द न कळणे जिवावर बेतते. गुणांची परीक्षा असावीच, कारण अज्ञानी वैद्य कोणालाच नको. पण परीक्षेच्या गुणपत्रिकेत परत येण्याच्या इच्छेचा रकाना नसतो.

लिआँच्या शाळेला अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, परळच्या महाविद्यालयाने शंभरी केव्हाच ओलांडली. या काळात विद्या शहरातून जिल्ह्यापर्यंत आली. तेथून गोठ्यापर्यंतचा उरलेला रस्ता नव्या इमारतींनी पुरा होणार नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली आपल्या बैलाचा कासरा धरून उभा राहिलेला एखादा मुलगा अर्ज भरील, शिकेल आणि त्याच वेशीतून परत येईल, तेव्हाच तो पुरा होईल.