पेडगावचा छापा

पेडगावचा छापा (जुलै १६७४) : मोगलांचा दख्खनचा सुभेदार बहादूरखान कोकलताश याच्या छावणीवर मराठी घोडदळाने घातलेला छापा. पेडगाव अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्यात, भीमेकाठी आहे. खानाने येथे तळ दिला आणि तेथील भुईकोटाला बहादूरगड हे नाव पडले. सुभेदाराची छावणी हेच त्या काळचे फिरते सरकार. खजिना, पागा, दफ्तर, सगळे तंबूंतच असे.

बहादूरखानाचे मूळ नाव मलिक हुसेन. औरंगजेबाच्या दाईचा हा मुलगा, म्हणजे बादशहाचा दूधभाऊ. ‘कोकलताश’चा अर्थही तोच.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि त्या खर्चाने खजिना बराच हलका झाला. १७ जूनला जिजाबाई निवर्तल्या. त्यानंतर महिनाभरातच हा छापा पडला. पावसाळ्यात फौजा छावणीला परतत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करत. आषाढात स्वारी येईल, अशी खानाची अपेक्षा नसावी. पण श्रीगोंदे पडले पर्जन्यछायेत. मावळात चिखल असताना इथल्या माळावर घोडे दौडू शकतात.

इतिहासकार यदुनाथ सरकारांनी छाप्याची हकिगत अशी दिली आहे : दोन हजार स्वारांची एक तुकडी छावणीच्या रोखाने आली. खान फौज घेऊन तिच्यावर धावला. तुकडी लढण्याऐवजी पळत सुटली आणि त्याला सुमारे पन्नास मैल ओढत घेऊन गेली. तेवढ्यात सात हजारांची दुसरी फौज वेगळ्या वाटेने राखणीवाचूनच्या छावणीत घुसली, तंबू जाळले आणि एक कोटीची लूट व बादशहाला नजर करण्यासाठी राखलेले दोनशे उमदे घोडे घेऊन निघून गेली. एक कोटी हा आकडा फारच गोल आहे, तो सावधपणेच घ्यावा. घोड्यांचा मात्र विश्वासार्ह वाटतो. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, त्यामुळे या लुटीचे मोल नुसत्या रुपयांत होत नाही. तळ धरून राहण्याचा मराठ्यांचा विचार दिसत नाही. जड तोफांवाचून आलेल्या स्वारांना ते परवडणारेही नव्हते.

खान पुढेही फसला. १६७५ मध्ये महाराजांनी त्याला तहाच्या बोलण्यात गुंतवून ठेवले, आणि मे महिन्यात फोंड्याचा किल्ला हाती येताच बोलणी मोडली.

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण याच छाप्यातून आली असे सांगतात. गंमत म्हणून ते गोड आहे. जनश्रुतीपलीकडे त्याला वजन देऊ नये.

फेब्रुवारी १६८९ मध्ये कैद झालेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबापुढे याच बहादूरगडावर उभे करण्यात आले. त्यामुळे किल्ला आता धर्मवीरगड या नावानेही ओळखला जातो. आत लक्ष्मीनारायणाचे यादवकालीन मंदिर आहे. लुटल्या गेलेल्या तंबूंची जागा दाखवणारी खूण मात्र कुठेही नाही.