छत आणि शब्द : चांद्याच्या कोळसाखाणींविषयी एक टिपण

चांदा जिल्ह्यातील (१९६४ पासून चंद्रपूर) कोळशाचा इतिहास बहुधा टनांच्या आकड्यांनी लिहिला जातो. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ साली सुरू झाली व १९०६ साली बंद पडली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, महाकाली, लालपेठ ही नावे येत गेली. १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले. भूमिगत खाणीत मजुराचा जीव ज्याच्या हाती असतो त्या छताला मात्र या इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही.

वर्धा खोऱ्यातील कोळसा गोंडवनी खडकांतील. मध्ये कोळशाचेच खांब राखून सभोवार गाळे कोरीत जावयाचे, ही येथील रूढ पद्धती. कोळसा निघाला की वरच्या खडकाचा आधार जातो, त्याचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि सुटलेला थर कधी तरी खाली येतो. अखेरीस राखलेले खांबही काढून घेतात. सर्वांत जोखमीचे काम तेच.

छताला टेकू लाकडाचे असत, आणि अरण्य तर लगतच होते. लाकडाचा एक गुण लोखंडास नाही. भार असह्य झाला की ते मोडण्यापूर्वी करकरते, आणि तेवढ्या अवकाशात माणूस मागे सरू शकतो. आता छतात भोके पाडून पोलादी बोल्ट बसवितात. त्यांनी थर एकत्र बांधले जातात हे खरे, परंतु ती करकर गेली.

छत सळईने ठोकून पाहण्याची रीत जुनीच आहे. धड खडक खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. मडके वाजवून घेणाऱ्यास हा भेद निराळा शिकवावा लागत नाही. तथापि सुटलेला थर जाड असला तर तोही खणखणीत वाजून फसवितो. म्हणून एका हाताने ठोकताना दुसरा हात छतास लावून कंप जाणावा लागतो.

ही तपासणी ज्याच्याकडे, तो ‘सरदार’. पेशवाईत जहागिरी भोगणारा हा फारसी शब्द इंग्रजी नियमांतून खाणीत उतरला आणि १९५७ च्या कोळसाखाण नियमावलीत परीक्षा देऊन मिळवावयाच्या प्रमाणपत्राचे नाव झाला. मराठी, तेलुगू, छत्तीसगढी व हिंदी बोलणाऱ्यांच्या मिश्र पाळीत त्याची हाक क्षणात सर्वांस कळली पाहिजे. तेथे व्याकरणशुद्धीला अर्थ नाही.

जखमेचे शब्द मात्र कायद्याने ठरविले. १९२३ च्या भरपाई कायद्याने तुटलेल्या अवयवाचे मोल कमाईच्या शेकड्यांत मांडले. १९५२ च्या खाण कायद्यात हाड मोडणे ही गंभीर इजा ठरली. त्याखालची इजा कळविण्याजोगी ठरावयास मजूर ७२ तास वा अधिक कामाबाहेर राहावा लागे. खांद्यावर दगड पडून दोन दिवसांनी, रोजी बुडते म्हणून, पुन्हा खाली उतरलेला माणूस त्या व्याख्येत बसत नसे.